बारदान

बॅग पट्ट्यावर आडवी झाली आणि काउंटरवरचा लाल आकडा पळायला लागला. बारा, सोळा, अठरा. एकोणीसवर जाऊन जरा डळमळला आणि एकोणीस किलो दोनशे ग्रॅमवर थांबला. कृष्णातनं आकड्याकडं पाहिलं, मग बॅगेकडं, मग काउंटरमागच्या मुलीकडं. उभं आयुष्य काट्यांपुढं उभं राहण्यात गेलेला माणूस तो. मारलेला काटा आपल्याला लांबून ओळखू येतो असं निदान तो तरी सांगायचा.

"काटा नीट न्हाई तुमचा," तो म्हणाला.

मुलीच्या छातीवर भार्गवी अशी पट्टी होती. ती हसली, म्हणजे अशा वेळी हसायला शिकवलेलं असतं तेवढी हसली.

"बाबा, पंधरा किलोची मर्यादा आहे. चार किलो जास्त होतंय."

"पंधराच हाय. म्या सोता जोखलंय काल. गावात, खताच्या दुकानातल्या काट्यावर."

"मग बॅगेचं वजन धरलं नसेल तुम्ही."

"बॅगेचं कशापायी धरायचं?"

हा प्रश्न त्यानं भांडायला म्हणून विचारला नव्हता. त्याला खरोखरच कळेना. सांगलीच्या पेठेत हळदीचं पोतं काट्यावर चढलं की व्यापारी कितीही लबाड असो, रिकाम्या पोत्याचं वजन तो वजा करतो. त्याला बारदान म्हणतात, आणि बारदान मालात धरत नाहीत हे कडेगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारखान्यावर ट्रॅक्टर आधी भरलेला जोखतात, मग ऊस उतरवून रिकामा. दोन्हींतला फरक तेवढा ऊस. तेव्हा काल संध्याकाळी कृष्णातनं केलं ते रीतसरच होतं. न्यायच्या सगळ्या वस्तू त्यानं काट्यावर मांडल्या, पंधरा किलोच्या वर एक लाडू झाला तो दुकानदाराच्या हातावर ठेवला, आणि घरी येऊन माल बॅगेत भरला. बॅग सांगलीत तासभर घासाघीस करून घेतलेली, चार चाकांची, पाठीला पत्र्यासारखी टणक. वर हत्ती उभा राहिला तरी चेपणार नाही, असं विकणारा म्हणाला होता. हत्तीचं माहीत नाही, पण बॅग रिकामीच चार किलोंच्या वर होती.

"बारदान वजा करा की ताई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "माल पंधराच हाय."

"विमानाला बॅगसुद्धा उचलावीच लागते ना, बाबा." भार्गवीचा आवाज गोड होता आणि त्या गोडीनंच कृष्णातचं डोकं तापायला लागलं. "जादा किलोला साडेपाचशे रुपये पडतील. नाहीतर सामान कमी करा. वरचे दोनशे ग्रॅम मी सोडते."

"साडेपाचशे? तेवढ्यात धा किलो गूळ येतोय आमच्याकडं!"

"आवं, हळू बोला," शेजारून बनुबाई म्हणाली.

बनुबाई त्याची बायको. प्रवासाला निघाली होती ती. कृष्णात पोचवायला आला होता, आणि पोचवायला आत यायचं तर त्याचंही तिकीट काढावं लागलं म्हणून दारापासूनच धुमसत होता. तिनं इरकलीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि हातातली छोटी पिशवी पोटाशी धरली होती. तीही मघाशी जोखून झाली होती. सात किलो, काठोकाठ. तिच्यात आता सुईसुद्धा मावणार नव्हती.

पलीकडच्या रांगेत एक दांडगे गृहस्थ उभे होते. पाठीला लहानशी पिशवी आणि हातात कॉफीचा पेला, एवढंच त्यांचं सामान. कृष्णातची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच थांबली. बनुबाईला ती नजर चांगली माहीत होती. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"मंग ह्या सायबांस्नी जोखा की," तो म्हणाला. "आमची ही कशीबी जोखा, पंचेचाळीस किलो. सायब सव्वाशेच्या खाली न्हाईत. तिकीट दोघांचं सारखंच. माणसाचं ऐंशी किलो तुमास्नी चालतंय आन आमचं चार किलो विमानाला जड हुतंय व्हय?"

गृहस्थ दिलदार निघाले. "काका, मला जोखायला लागले तर घर विकून प्रवास करावा लागेल," ते म्हणाले आणि रांग हसली. भार्गवीही या वेळी शिकवल्याशिवाय हसली. कृष्णात तेवढा हसला नाही. आपण न्यायाचं बोलत असताना लोक हसले की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि दुर्दैवानं तो न्यायाचं बोलायला लागला की लोक नेमके हसायचे.

"बाबा, मुद्दा चुकीचा नाही तुमचा," भार्गवी म्हणाली. "पण नियम मी केलेला नाही. बॅग जरा बाजूला घेऊन उघडता का? मागे रांग आहे."

खांबाजवळ जागा बघून कृष्णात गुळगुळीत फरशीवर उकिडवा बसला आणि त्यानं बॅगेची चेन ओढली. घरच्या गुळाचा आणि तुपाचा वास एकदम बाहेर आला.

हे सगळं गुवाहाटीला चाललं होतं, क्रांतीकडं. क्रांती त्यांची एकुलती एक लेक. तिच्या नवऱ्याचा, ऋषिराजचा, तिथं गलाईचा धंदा. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून चोख करून द्यायचं. विट्या-कडेगावकडची पोरं या धंद्यापायी देशभर पांगलीत, त्यांतलाच तो एक. क्रांतीचा आता आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिनं फोनवर आईला सांगितलं, डॉक्टर प्रवास नको म्हणतायत. भावकीतल्या बायकांनी माना डोलावल्या. कुठल्या डॉक्टरनं नको म्हटलंय ते सगळ्यांनाच माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ते झालं होतं. कृष्णातच्या आईची बोरमाळ होती, जुनी, मणी चेपलेले. ती मोडून लेकीला नव्या घडणीचं काहीतरी करावं असं त्याच्या मनात आलं आणि माळ त्यानं जावयाच्या हाती दिली. ऋषिराजनं ती वितळवली आणि दिवाळीला येताना सोन्याची लगड घेऊन आला. लगड माळेपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं हलकी भरली. "मामा, जुन्या मण्यांच्या आत लाख भरलेली असते, ती जळून जाते," तो सांगायला लागला. बनुबाईनंही तोंड उघडलं होतं, पण "तू गप" म्हणून कृष्णातनं तिला बसवलं. पंगतीत सगळी पानावर बसलेली. "कारखान्याचा काटा मारतोय, पर त्यो परका तरी हाय," असं तो मोठ्यानं म्हणाला.  ऋषिराजनं ताटाला हात जोडले, उठला आणि हात धुतले. अर्धी पुरणपोळी तशीच राहिली. त्या संध्याकाळी दोघं निघून गेली, ती पुन्हा आली नाहीत. कृष्णातनंही फोन केला नाही. फौजेत पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूस. गाडी मागं घेता यायची त्याला, शब्द येत नव्हता.

तरी बॅग मात्र त्यानंच भरली. "पोरीसाठी न्हाई, नातवंडासाठी देतोय," असं जो विचारील त्याला आणि जो विचारणार नाही त्यालाही त्यानं सांगितलं. गूळ स्वतः गुऱ्हाळावर उभं राहून आणला. हळद कुटताना यंत्राला आधीची मिरची लागलीय म्हणून गिरणीवाल्याशी भांडला. आणि सगळं भरून झाल्यावर, मधोमध गोधडीच्या घडीत, वरवंटा ठेवला.

वरवंट्यावरून घरात वाद झाला होता. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायचा असतो. त्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, कुंची बांधायची, पाळण्याखालून आणि वरून बायकांनी एकमेकींच्या हाती द्यायचा, मग बाळ. बनुबाई म्हणाली होती, "दगडच त्यो. तिथं शेजारपाजारी मिळंल की कुणाचा तरी." त्यावर कृष्णात असा काही उसळला की गोठ्यातल्या म्हशीनं वैरण सोडून वर पाहिलं. "माझ्या आधी ह्योच निजला हुता, क्रांतीच्या आधी ह्योच. आमच्या पोराच्या आधी परक्याचा दगड पाळण्यात जायाचा न्हाई!"

आता तो फरशीवर बसून एकेक वस्तू बाहेर काढत होता. गुळाचे रवे, म्हणजे लहान ढेपा, काढले, हातात तोलले, परत ठेवले. तुपाचा डबा काढला. डबा त्या परक्या फरशीवर उगाचच गरीब दिसायला लागला, तो परत ठेवला. अळीव, डिंक, बाजरीचं पीठ, बाळंतशेपा. कशालाही हात लावला की ते सोडून बाकीचं काहीही काढावं असं वाटायचं.

"तुजी दोन लुगडी अंगावर चढव," तो म्हणाला.

"मी काय सोंग हाय व्हय?"

"मंग काय करू? पैसं तर मी देणार न्हाई. सवालच न्हाई. बारदानाचं पैसं बापजन्मात कुणी दिल्यात का? लुटालूट हाय ही. पेठेतला दलाल परवडला. चोर असंना, बारदान तरी सोडतोय. बारदान कुणी मालात धरतं का, तूच सांग!"

बनुबाई इतका वेळ उभी होती. ती खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"तुमी धरलं हुतं की," ती म्हणाली.

"म्या? कवा?"

"बोरमाळंतली लाख तुमी सोन्यात धरली हुती."

कृष्णातच्या हातात गुळाचा रवा होता. तो त्यानं खाली ठेवला नाही, वर उचलला नाही. मागं कुठल्या तरी विमानाची घोषणा झाली, मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही संपेपर्यंत तो बॅगेकडं बघत राहिला. 

दोन वर्षं हे बायकोच्या पोटात होतं, आणि आज, आपण एवढे बरोबर असताना, तिनं ते काढलं. त्याला आधी तिचाच राग आला. मग काउंटरवरच्या मुलीचा, मग बॅग विकणाऱ्याचा. राग एकेकाच्या दारात जाऊन परत येत होता, कारण त्याला कुठंच घरात घेत नव्हते.

"लाख लई तर मासाभर असंल," तो शेवटी पुटपुटला.

"बॅग रिकामी केवढी हाय ते तरी कुठं म्हाईत हुतं तुमास्नी."

 बनुबाईनं बॅगेत हात घातला. तूप नाही, गूळ नाही. गोधडीच्या घडीत हात खुपसून तिनं वरवंटा बाहेर काढला. जुन्या कुंचीत गुंडाळलेला होता. दोन्ही हातांनी धरून, मानेखाली हात घालून घेतात तसा घेऊन तिनं तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"चार किलो हाय," ती म्हणाली. "लावा चेन."

"ह्यो?" कृष्णात ओरडलाच. "समदं सोडून ह्यो? गूळ काढ, पीठ काढ. ह्यो ठिवून चाललीस व्हय?"

"ठिवून न्हाई. तुमच्या हाती दिऊन चाललीय."

"म्हंजी?"

"बारशाला अजून दीड म्हैना हाय. तुमी घिऊन या."

 बायको पंधरा किलोंचं गणित करत नव्हती, दुसरंच काही करत होती, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. एवढ्या सामानात नेमकी तीच वस्तू तिनं काढली होती जिच्यासाठी तो परवा घर डोक्यावर घेऊन बसला होता.

"ऊसतोड हाय," तो म्हणाला.

"तोड कवा येणार ते कारखान्याला बी ठावं नसतंय."

"हळद शिजवायची हाय."

"बिरदेव भावजी शिजवतील."

"मला कुणी बलिवलंय तिथं?"

बनुबाई उठली. गुडघा कटकन वाजला. पदर सारखा करत ती म्हणाली, "जलमलेल्या पोराला आजा लागतोय. त्येला कुणी बलवायचं आसतं व्हय? आन न्हाईच आला, तर सांगते मी, आजानं वरवंटा पाठवला न्हाई म्हनून कुणा परक्याचा घातला."

बॅग पुन्हा पट्ट्यावर चढली. पंधरा किलो शंभर ग्रॅम. भार्गवीनं बोलल्याप्रमाणं वरचं सोडलं, बॅगेच्या कानाला चिठ्ठी बांधली आणि बॅग हेलकावत आत गेली. मग तिनं कृष्णातच्या कडेवरच्या गाठोड्याकडं पाहिलं.

"वरवंटा का हो, बाबा? आमच्याकडे रहिमतपूरला पण बारशाला लागतो," ती म्हणाली. "राहिला का?"

कृष्णातला तिच्यावर खेकसायचं होतं. तोंडही उघडलं. पण पोर आपल्याच बाजूच्या रहिमतपूरची म्हटल्यावर ते त्याला जमेना.

"हातात घिऊन बसू देत्यात का इमानात?" त्यानं विचारलं.

"हातात नाही. तपासणीला अडवतील. बॅगेतच टाकावा लागेल."

 तपासणीच्या दोरीपर्यंत तो बायकोबरोबर गेला. पुढं त्याला सोडत नव्हते. बनुबाई वाकून त्याच्या नाही, वरवंट्याच्या पाया पडल्यासारखं करून गेली आणि वळणावर तिनं एकदाही मागं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला निघालेली बाई अशी काही चालत होती की जणू रोज संध्याकाळी आसामला जाऊन येते. कृष्णात मात्र दोरीशी बराच वेळ उभा राहिला. बायको जिंकून गेली होती आणि हे कुणाला सांगावं तर सगळी रांग पुन्हा हसली असती.

जीपमध्ये त्यानं वरवंटा शेजारच्या सीटवर ठेवला. पहिल्याच वळणाला तो घरंगळला. कृष्णातनं शिवी हासडली, गाडी बाजूला घेतली आणि मागं पडलेलं पोतं घडी करून त्याच्या बाजूला उशीसारखं लावलं. खंबाटकीच्या घाटात ट्रकांची रांग लागली होती. पुढच्याला, मागच्याला, रस्ता करणाऱ्याला आणि टोल घेणाऱ्याला तो रीतीप्रमाणं बोलत होता, पण मन त्याच्यात नव्हतं. मधूनच त्याचा डावा हात जायचा आणि वरवंटा जागेवर आहे का बघायचा.

साताऱ्याच्या अलीकडं, लिंब फाट्याला, त्यानं गाडी लिंबाखाली उभी केली. दोन वाजून गेले होते. सीटमागं फडक्यात बांधलेली भाकरी होती, पहाटे बनुबाईनं केलेली. त्यानं गाठ सोडली, पण घास काही घेतला नाही. मोबाइल काढला आणि नावं वर-खाली करत बसला. क्रांतीचं नाव आलं, त्यावर बोट थांबलं. पण भांडण तिच्याशी नव्हतं. ज्याच्याशी होतं त्याचं नाव बरंच खाली होतं. अजून पुसलेलं नव्हतं एवढंच.

तीन वेळा वाजून फोन उचलला गेला. मागं भट्टीच्या भात्याचा आवाज येत होता. मग तो आवाज बंद झाला.

"मामा?" ऋषिराज म्हणाला. "काय झालं? मामी बसल्या न्हवं इमानात?"

"बसली." कृष्णातनं घसा साफ केला. घसा साफच होता. "बॅगंत चार किलो जादा झालं. बारदान धरत्यात त्ये. मला म्हाईत न्हवतं."

"व्हय, धरत्यात."

"मला म्हाईत न्हवतं," तो पुन्हा म्हणाला. मग त्यानं समोरच्या काचेकडं पाहिलं. काचेवर लिंबाची वाळकी पानं पडली होती. "तर वरवंटा मागं ऱ्हायलाय. घरचा. त्यो मी घिऊन येतोय बारशाला."

त्यानं वरवंट्याची उशी जराशी सारखी केली.

"एक काम करा," कृष्णात म्हणाला, आणि हे वाक्य जड सामानासारखं त्याला दोन्ही हातांनी उचलावं लागलं. "आल्यावर त्येला तुमच्या काट्यावर ठिवा. चार भरतोय असं तुमची मामी म्हंती. मी काय बघायचा न्हाई. तुमी सांगशिला त्ये वजन."

फोन बंद पडला की काय म्हणून त्यानं कानापासून काढून पाहिला. चालू होता. महामार्गावरून उसाचे दोन ट्रॅक्टर एकामागं एक, गाणी लावून, कारखान्याकडं निघून गेले.

"मामा," ऋषिराजचा आवाज आला, "जेवला का?"

कृष्णातनं मांडीवरच्या भाकरीकडं पाहिलं.

"न्हाई अजून," तो म्हणाला.

"मंग जेवा आधी. मी हाय फोनवर."